मलाही खेळायला घ्या

होनोलुलू शहरात डॅनियल लेगॉफ नावाचे मानसशास्त्रज्ञ स्वमग्न मुलांबरोबर काम करायचे. पद्धत नेहमीचीच. एक मूल आत जाणार, ठरलेला वेळ सराव करणार, ते बाहेर पडलं की पुढच्याची पाळी. एकदा अशा अदलाबदलीच्या वेळी बाहेर प्रतीक्षागृहात भेटलेल्या दोन मुलांच्या हातात घरून आणलेल्या लेगोच्या वस्तू होत्या. त्यांनी एकमेकांची वस्तू पाहिली, आपली दाखवली आणि त्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. ‘हॅलो म्हण’ असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ‘त्याच्याकडे बघून बोल’ म्हणत कुणी हनुवटी वर केली नव्हती. आतल्या खोलीत ज्या गोष्टीसाठी खटपट चालायची, ती बाहेर आपसूक घडत होती.

लेगॉफ यांनी हा धागा सोडला नाही. त्यांनी मुलांचे छोटे गट केले आणि कामं वाटून दिली. एकाकडे नकाशा, तो इंजिनिअर. कुठला ठोकळा हवा हे त्यानं फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. दुसरा पुरवठादार, ढिगातून नेमका ठोकळा शोधून देणं हे त्याचं काम. तिसरा बांधणारा. नकाशा एकाकडे, ठोकळे दुसऱ्याकडे आणि हात तिसऱ्याचे, त्यामुळे एकमेकांशी बोलल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. काही वेळानं भूमिका बदलायच्या. २००४ साली लेगॉफ यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गटात आलेली मुलं शाळेतही आपणहून इतरांकडे जाऊ लागली होती आणि त्यांचं एकत्र खेळणं अधिक वेळ टिकत होतं. पुढे इंग्लंडमधल्या शाळांत मोठी चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला पण तो माफक होता. असं असलं तरी त्या प्रतीक्षागृहात दिसलेली गोष्ट खोटी ठरत नाही. मुलांमधली देवाणघेवाण मुलांमध्येच शिकली जाते आणि तिला काहीतरी खरं निमित्त लागतं.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची सविस्तर नोंद केली, तिथून स्वमग्नतेचा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला असं मानतात. भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, त्यात उत्तर गोवाही होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्वमग्नतेचं प्रमाण शंभर मुलांमागे एकाच्या आसपास आढळलं. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या कुठल्याही शाळेत अशी काही मुलं असणार, त्यांच्या कपाळी निदानाचा शिक्का असो वा नसो.

त्यांना नेमकं काय अवघड जातं? आपण ज्याला ‘सहज’ म्हणतो तेच. पाहुण्यांच्या घरी पोह्यांची बशी समोर आली की आवडत नसले तरी दोन घास खायचे, किंवा ‘आत्ताच खाऊन आलो’ म्हणायचं, हे आपल्याला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. स्वमग्न मूल सरळ सांगतं, ‘मला पोहे आवडत नाहीत. यात कांदा जास्त आहे.’ ‘या हं कधीतरी घरी’ या वाक्यात खरं बोलावणं किती आणि निरोप घेण्याची रीत किती, हे त्याला कळत नाही; ते दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. वर्गात बाई रागानं ‘अजून बोल, बोल ना!’ म्हणाल्या तर ते खरंच बोलत राहतं. त्यात उद्धटपणा नसतो. शब्द जसा उच्चारला तसाच त्यानं घेतलेला असतो.

हे फार आधीपासून, बोलण्याच्याही आधीपासून सुरू होतं. वर्षाचं बाळ आकाशातल्या विमानाकडे बोट दाखवतं, मग आईकडे बघतं, पुन्हा विमानाकडे बघतं. त्याला विमान नको असतं. ‘तूही बघ’ एवढंच त्याला म्हणायचं असतं. स्वमग्न मुलांमध्ये हे ‘तूही बघ’ उशिरा येतं किंवा फार कमी दिसतं. बिस्किटासाठी ते आईचा हात धरून डब्यापर्यंत नेईल, पण पावसात भिजणारं मांजर दाखवायला बोट वर करणार नाही. गप्पा, मैत्री, खेळातली पाळी या सगळ्याचं मूळ त्या बोटात आणि मागे वळून टाकलेल्या नजरेत आहे. म्हणून लहान वयातलं शिक्षण ‘नमस्कार कर, नाव सांग’ इथून सुरू करण्यात अर्थ नाही.

मग कुठून करायचं? गोव्यात याचं एक उत्तर शोधलं गेलं. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत विकसित केली होती, तिच्यात उपचार मुलावर थेट होतच नाही. आई किंवा बाबा मुलाशी थोडा वेळ खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं, आणि ते पालक आणि तज्ज्ञ शेजारी बसून पाहतात. चुका काढायला नाही, जमलेले क्षण शोधायला. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेच्या डॉ. गौरी दिवाण आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे संशोधक यांनी ही पद्धत आपल्याकडच्या घरांसाठी बदलून घेतली. दोन्हीकडे तज्ज्ञांची वानवा. म्हणून हे काम तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांवर सोपवलं. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं निवडली. त्यातल्या निम्म्या घरांना सहा महिन्यांत बारा सत्रं मिळाली.

अशा सत्रात काय बदलतं ते बघण्यासारखं आहे. मूल खेळण्यातली गाडी उलटी करून चाक फिरवत बसलंय. आईचा जीव कासावीस होतो. ‘अशी नाही, अशी चालवायची. रंग कुठला? लाल म्हण. म्हण ना लाल!’ मूल पाठ फिरवतं. कार्यकर्ती आईला सांगते, थांबा; त्याचं लक्ष जिथे आहे तिथे जा. आई शेजारी बसते, चाकाला हलकासा धक्का देते आणि म्हणते, ‘गरगर गरगर… थांबलं!’ मग गप्प राहते. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. पण त्या शांततेत एखाद्या वेळी मूल वर बघतं, आईचा हात चाकाकडे ओढतं. देवाणघेवाणीची सुरुवात त्याच्याकडून झालेली असते.

२०१६ साली छापून आलेल्या निष्कर्षांत नेमकं हेच दिसलं. पालक मुलाच्या लक्षाशी जुळवून घेऊ लागले आणि मुलं पालकांशी आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही; दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला. पण मूळच्या ब्रिटिश चाचणीतल्या मुलांना संशोधक काही वर्षांनी पुन्हा भेटले, तेव्हा उपचार मिळालेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेची लक्षणं तुलनेनं सौम्य होती. पालकांना शिकवलेलं सत्राच्या तासापुरतं राहत नाही. ते अंघोळीच्या वेळी, जेवताना, जिन्यावरून उतरताना चालू राहतं.

गोव्यातल्याच कुटुंबांशी दिवाण आणि सहकाऱ्यांनी आधी सविस्तर बोलणीही केली होती. पालकांनी सांगितलं, की सुरुवातीला घरच समाजापासून तुटतं. समारंभ, नातेवाईक, शेजार टाळला जातो, कारण बाहेर वाईट अनुभव येतात. हा पेच जीवघेणा आहे. ज्या मुलाला माणसांची सवय सगळ्यात जास्त हवी, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी माणसं येतात.

मूल थोडं मोठं झालं, वाचू लागलं किंवा वाचलेलं समजू लागलं, की एक साधं साधन हाताशी येतं. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सामाजिक गोष्टी’ लिहायला सुरुवात केली. एखादा प्रसंग मुलाच्या नजरेतून, छोट्या वाक्यांत लिहायचा. आज्ञा फार थोड्या. काय घडतं, का घडतं आणि समोरच्याला काय वाटत असेल हे जास्त. मराठीत अशी गोष्ट काहीशी पुढीलप्रमाणे होईल:

‘संध्याकाळी मी आजीबरोबर बागेत जातो. बागेत दोन झोके आहेत. झोका खूप मुलांना आवडतो, म्हणून कधी कधी रांग असते. रांगेत थांबायचा मला कंटाळा येतो. पुढच्या मुलालाही कंटाळा आला असेल. थांबताना मी झोका किती वेळा पुढे गेला ते मोजू शकतो. माझी पाळी आली की मी झोक्यावर बसतो. रांग खूप मोठी असेल तर आजीला सांगून मी घसरगुंडीवर जाऊ शकतो.’

यात ‘शहाणा मुलगा रांगेत थांबतो’ असं वाक्य नाही, आणि ते नसावंच. गोष्ट बागेत जाण्याआधी शांतपणे वाचायची. रडारड सुरू झाल्यावर ती वाचून दाखवली तर शिक्षाच वाटेल. शेवटच्या वाक्यात सुटकेची वाटही आहे. ती नसेल तर पुढच्या वेळी मूल गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही. या गोष्टींचा उपयोग सगळ्या मुलांना सारखा होत नाही, पण न्हाव्याच्या दुकानापासून लग्नातल्या पंगतीपर्यंत कशासाठीही त्या घरच्या घरी लिहिता येतात.

जी मुलं बोलत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. बोलता येणं आणि संवाद साधता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८०च्या दशकात चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत बसवली, तिच्यातली पहिलीच पायरी सामाजिक आहे. मुलानं चित्राकडे नुसतं बोट दाखवायचं नाही, ते उचलून माणसाच्या हातात द्यायचं. आता हे काम फोनवरही होतं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप चित्र दाबलं की मराठीतही बोलतं. अशा मुलालाही ‘माझी पाळी’, ‘नको’, ‘पुन्हा एकदा’ म्हणता आलं पाहिजे. ‘नको’ म्हणता येणं तर सगळ्यात आधी, कारण ते सांगता आलं नाही की मूल ढकलून, चावून किंवा पळून सांगतं.

किशोरवयात प्रश्न आणखी गुंततो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉजसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी ‘पिअर्स’ नावाचा अभ्यासक्रम आखला. मुलांचा वर्ग एका खोलीत, त्याच वेळी पालकांचा दुसऱ्या खोलीत. त्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट हेरली. मोठी माणसं मुलांना जो सल्ला देतात तो बहुतेकदा चुकीचा असतो, कारण ज्यांना मित्र सहज मिळतात ती मुलं तसं वागतच नाहीत.

आई सांगते, ‘जा, त्यांना विचार, मला खेळायला घ्याल का?’ सोसायटीत क्रिकेट चाललेलं असताना मधेच जाऊन असं विचारणाऱ्या मुलाला काय उत्तर मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जी मुलं सहज सामील होतात ती आधी कडेला उभी राहून खेळ बघतात. एखाद्या फटक्याला ‘भारी!’ म्हणतात, आपल्याकडे आलेला चेंडू परत फेकतात. ओव्हर संपली, खेळ जरा थांबला, की मग विचारतात, ‘तुमच्याकडे एक कमी आहे का?’ नाही म्हटलं तर वाद न घालता निघून जातात. पिअर्समध्ये अशी पावलं सुटी करून, एकेक करून शिकवतात. घोळक्यात चाललेल्या बोलण्यात शिरायचं तरी रीत तीच. विषय कळेपर्यंत ऐकायचं, थोडा खंड पडायची वाट बघायची आणि पहिलं वाक्य त्याच विषयावरचं बोलायचं, स्वतःच्या आवडीच्या विषयावरचं नाही.

चिडवण्याचंही तसंच. ‘दुर्लक्ष कर’, ‘बाईंना सांग’ हे दोन्ही सल्ले मुलांच्या जगात चालत नाहीत. दुर्लक्ष केलं की चिडवणारा आणखी चढतो, आणि तक्रार केली की वर्ग पाठ फिरवतो. लॉजसन शिकवतात ते छोटं, कंटाळलेल्या सुरातलं उत्तर. मराठीत ‘बरं, मग?’ किंवा ‘त्यात काय एवढं!’ म्हणायचं आणि मान वळवायची. पण मारहाण, धमकी, पैसे काढून घेणं इथे हे चालणार नाही. तिथे मोठ्यांनीच मधे पडलं पाहिजे, आणि चिडवणं कुठे संपतं, छळ कुठे सुरू होतो हा फरक मुलाला उदाहरणांसकट शिकवावा लागतो.

इथवर सगळं मुलानं शिकायचं. पण २०१२ साली कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या ६० स्वमग्न मुलांबरोबर एक प्रयोग केला. काही ठिकाणी मोठ्या माणसानं स्वमग्न मुलाला कौशल्यं शिकवली. काही ठिकाणी त्याला काहीच शिकवलं नाही. त्याच्या वर्गातल्या तीन मुलांना शिकवलं, की मैदानावर एकटं पडलेल्या मुलाशी कसं बोलावं, त्याला खेळात कसं ओढावं. दुसऱ्या प्रकाराचा परिणाम जास्त झाला. वर्गमित्रांनी शिकलेल्या वर्गांत स्वमग्न मुलाचं मुलांच्या गोतावळ्यातलं स्थान सुधारलं आणि मैदानावर ते कमी एकटं दिसू लागलं. दोन्ही बाजूंनी घट्ट मैत्री जडण्याचं प्रमाण मात्र त्यानं वाढलं नाही, आणि सहा आठवड्यांत तशी अपेक्षा करूही नये. आपल्याकडे याच्या उलट चालतं. वर्गातली इतर चाळीस-पन्नास मुलं तशीच राहतात आणि एकट्या मुलाला थेरपीच्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात फिरवलं जातं. कष्ट सगळे एकाच बाजूला.

या एकतर्फीपणाला बौद्धिक आव्हान दिलं ते डेमियन मिल्टन यांनी. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी सॅली आणि अ‍ॅन या दोन बाहुल्यांचा प्रसिद्ध प्रयोग केला होता. सॅली गोटी टोपलीत ठेवून जाते, तिच्यामागे अ‍ॅन ती खोक्यात लपवते. परतलेली सॅली गोटी कुठे शोधेल? वीसपैकी सोळा स्वमग्न मुलांनी चुकीचं उत्तर दिलं. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे स्वमग्न व्यक्तीला ओळखता येत नाही, हा समज तिथून पक्का झाला. मिल्टन हे समाजशास्त्राचे अभ्यासक आणि स्वतः स्वमग्न. २०१२ साली त्यांनी विचारलं, की इतरांना तरी स्वमग्न माणसाचं मन कुठे वाचता येतं? गैरसमज दोन माणसांमध्ये होतो, तर दोष एकाच्याच नावावर का टाकता?

एडिंबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी हे तपासलं. ७२ प्रौढ व्यक्ती, आठ-आठ जणांच्या साखळ्या, आणि एकानं दुसऱ्याला सांगत पुढे न्यायची एक गोष्ट. केवळ स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली तेवढीच इतरांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळली. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. नंतर तीनशेहून अधिक लोकांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतली गळती दिसली नाही. पण स्वमग्न माणसं आपापसात संवाद साधण्यात तिथेही कमी पडली नाहीत.

याचा शिकवण्याशी थेट संबंध आहे. ‘डोळ्यांत बघून बोल’ ही सूचना घ्या. डोळ्यांत बघावं लागलं की बोलणं ऐकू येईनासं होतं, असं अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात. मग ऐकणं हवंय की बघणं? अंग बोलणाऱ्याकडे वळवणं किंवा मधेच ‘हं’ म्हणणं पुरेसं असतं. उत्साहात हात फडफडवणारं मूल कुणाला इजा करत नसेल तर त्याचे हात धरून ठेवण्याचं कारण नाही. ‘इतरांसारखं दिसणं’ हेच ध्येय ठेवलं की मुलं मुखवटा घालायला शिकतात, मुली तर फार सफाईनं. शाळेत दिवसभर हसत राहायचं आणि घरी आल्यावर दार लावून कोसळायचं. असा मुखवटा वापरणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणून कुठलंही कौशल्य शिकवण्याआधी तपासावं, की हे त्या मुलाच्या उपयोगाचं आहे की बघणाऱ्यांच्या सोयीचं. वाट विचारणं, मदत मागणं, नकार देणं आणि आपल्या आवडीचा माणूस शोधणं हे त्याच्या उपयोगाचं आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सर्वांबरोबर एकाच शाळेत शिकण्याचा हक्कही त्यात मान्य केलेला आहे. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेल्या ‘उमीद’सारख्या संस्था मुलांबरोबर पालकांना, शिक्षकांना आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनाही शिकवतात. पण शाळेत प्रवेश मिळाल्यावर खरी परीक्षा मधल्या सुट्टीत असते. तासाला वेळापत्रक असतं, बाक ठरलेला असतो. मधल्या सुट्टीत काहीच ठरलेलं नसतं. गलका, धक्काबुक्की, दर मिनिटाला बदलणारे खेळ. एका शिक्षिकेनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात रोज एक ठरलेला खेळ मांडला, कॅरम, सापशिडी, ठोकळे, आणि ‘ज्यांना यायचं त्यांनी या’ म्हटलं, तरी त्या वीस मिनिटांना आकार येतो. तिथे गलक्याला कंटाळलेली बाकीची मुलंही येतात.

आणि शाळेबाहेर आपण बाकीचे आहोतच. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला वर्गातल्या स्वमग्न मुलालाही बोलवायचं असेल तर आदल्या दिवशी त्याच्या आईला फोन करावा. त्याला काय चालतं, काय सोसत नाही, ते विचारावं. फुगे फुटण्याचा आवाज नको असेल तर फुगे वगळता येतात. किती वाजता काय होणार ते आधी कळवता येतं. अर्धाच तास थांबला तरी चालेल, मधे आतल्या खोलीत जाऊन बसला तरी चालेल, हे आईला स्पष्ट सांगता येतं, म्हणजे ती दारात उभी राहून माफी मागत बसणार नाही. आणि आपल्या मुलाला सांगता येतं, की त्यानं हाकेला ओ दिली नाही तर रुसू नकोस. त्याच्या समोर जा, तो जे खेळतोय ते जरा वेळ बघ, आणि मग त्यालाच विचार, ‘मलाही घेतोस का?’